चिनी वाडीतली पंगत

छत नसलेल्या त्या खोलीत मिस्त्रीची पेटी अजून तशीच होती, आणि तिच्यात काठोकाठ पावसाचे पाणी साचले होते.

मी सुताराच्या घरात जन्मलो. पुढे बी. ए. झालो, कचेरीत टेबल-खुर्ची मिळाली, तरी लाकूड समोर आले की माझा हात आधी सांध्याकडे जातो. पेटीच्या कोपऱ्यांवरून मी बोट फिरवले. सगळा आषाढ आणि अर्धा श्रावण तिने ते पाणी धरून ठेवले होते. सांध्यातून थेंब पाझरलेला नव्हता. पाण्यात ढग होते, आणि ढगांवर वाकलेला माझा चेहरा. तो चेहरा मला माझा वाटेना. मी मागे सरलो.

ही पेटी म्हणजे माणसाला पुरण्याची पेटी. वाडीतल्या म्हाताऱ्या चिनी मिस्त्रीने ती धडधाकट असताना स्वतःसाठी करून ठेवली होती, आणि तिचे झाकण लावून तो रोज तिच्यावर बसायचा, चहा प्यायचा, पाहुण्यालाही तिच्यावरच बसवायचा. गाठीचा ताप आला त्या वर्षी मिस्त्री गेला. सरकारी माणसे त्याला चादरीत गुंडाळून घेऊन गेली. मग घरात ऊन शिरावे म्हणून त्यांनी कौले उतरवली, भिंतींना चुना फासला, दारावर माणूस दगावल्याच्या खुणेचे लाल गोल काढले. झाकण निघालेली पेटी मात्र कुणी उचलली नाही. माझगावात लाकूड चोरणारे कमी नाहीत, पण तिला हात लावायची कुणाची छाती झाली नसावी.

आज नारळी पौर्णिमा होती, म्हणून मी आलो होतो. तापाच्या दिवसांत गावी पळालो होतो, त्यामुळे मध्ये येणे झाले नव्हते. वाडीत पाऊल टाकले तेव्हा फळ्यांच्या त्या गल्लीत माझ्याच जोड्यांचा आवाज पुढून परत येत होता. उदबत्तीचा वास नव्हता, डांबराचा नव्हता. ओल्या चुन्याचा मात्र होता. आणि एवढी अन्नावाचूनची गल्ली असून प्रत्येक वळचणीवर कावळे बसले होते. ओरडत नव्हते. वाट बघत असावेत, तसे बसले होते.

आमचे गाव खाडीकाठचे. आई लवकर गेली, वडील त्यामागोमाग. मला वाढवले ते थोरल्या भावाने आणि वहिनीने. लहानपण म्हटले की मला पहिल्यांदा वास येतो तो रंध्यातून निघणाऱ्या ढलप्यांचा. फणसाच्या पिवळ्या, गोडसर वासाच्या, सागाच्या, तेलकट. पडवीत त्यांचा ढीग साचला की मी त्यात पाटी घेऊन बसायचो. दादाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वाकून रंधा मारताना ती लाकडाला लागू नये म्हणून तो माळ दातांत धरायचा. मी काही विचारले तर ‘हूं’ एवढेच उत्तर यायचे, कारण तोंड उघडले तर माळ सुटणार. आजही मला दादा आठवतो तो दातांत माळ धरलेला, काहीतरी सांगायचे राहून गेल्यासारखा. त्याने माळ घातल्यापासून आमच्या चुलीवर मासा चढला नाही. खाडीकाठच्या गावात हे म्हणजे नवलच होते. शेजारणी वहिनीला हसायच्या.

दादा मुंबईला गेला. गोदीत कामाला लागला. सुरुवातीला गणपतीला यायचा, आणि त्याच्या कपड्यांना गावात कुणाच्याच कपड्यांना न येणारा वास यायचा. धूप, डांबर आणि आणखी काहीतरी, जुन्या पेटाऱ्यात बंद राहिल्यासारखे. वहिनी ते कपडे लगेच धुवायची नाही. एका वर्षी तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. आमच्या शाळेच्या मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, स्वतःच्या घरी बसवून इंग्रजी शिकवले, आणि त्यांच्या चिठ्ठीवर मी मुंबईच्या कॉलेजात आलो. मी आज जो आहे तो त्यांच्यामुळे, आणि आमच्या घरातल्या चुलीपाशी माझ्या आधी कधी न जेवलेल्या वहिनीमुळे.

मी निघालो त्या सुमारास भाऊबंद घरी येऊन बसू लागले होते. आमच्यात रीत अशी की, परागंदा माणूस बारा वर्षे परतला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचे नाव द्यायचे आणि अग्नी द्यायचा. मग दिवस करायचे. मग त्याच्या बायकोचे कुंकू पुसायचे. बारा वर्षे भरायला दोनच वर्षे उरली होती.

“बारावं भरलं की त्या सर्वपित्रीच्या आत उरकून टाकू,” थोरले चुलते म्हणाले. “त्याला गती नाही, आणि आम्हाला सुतक नाही. असं लोंबकळत किती ठेवायचं?”

वहिनी दाराआड उभी होती. ते गेल्यावर ती मला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही त्या गावात चाललात. एकदा विचारा. कुणीतरी ह्यांना शेवटचं पाहिलं असेल. तुम्ही येऊन सांगाल ते मी करीन. पुतळा करा म्हणालात तर पळस मी स्वतः आणीन.”

एवढे ओझे घेऊन मी फणसवाडीतल्या खोलीत राहायला आलो. आमच्याच तालुक्यातली सहा पोरे, एक कंदील, आणि खाली एक खानावळ. दोन वर्षे मी गोदीच्या फाटकांवर विचारत हिंडलो. कुणाला काही ठाऊक नव्हते. मुंबईत माणूस हरवतो त्याचा माग राहत नाही.

शेवटी विचारले ते मी नव्हे. खानावळीच्या मागच्या दाराशी मासे घेऊन येणारी माझगावची कोळीण होती, हिराबाय. एक दिवस पाटी उतरवता उतरवता ती माझ्याकडे बघतच राहिली.

“काय गं, दृष्ट लावतेस काय आमच्या पंडिताला?” खोलीतला एकजण म्हणाला.

“गप रे मेल्या. तुला कोण बघतंय!” मग मला, हळू आवाजात: “तुजा कोन भाऊ-बिऊ होता काय गोदीवर? गल्यात माळ घालनारा?”

“होता. थोरला,” मी म्हणालो.

“चिन्यांच्या वाडीत ऱ्हायचा,” ती म्हणाली. “त्यांच्यासंगं बोटी दुरुस्त करायचा. लई वरसं झाली. मला इचारू नको. नारली पुनवेला ये. त्या दिशी समदे असतात वाडीत. मिस्तरी सांगंल. मी दर्याला नारळ देऊन येते मागनं.”

“मिस्त्रीला माझं नाव सांगून ठेवशील?”

“सांगते.”

खोलीत त्या रात्री चेष्टेला ऊत आला. “चिन्यांकडे जातोस? झुरळाची उसळ वाढतील बघ!” मी हसलो. हसताना लक्षात आले की, दादा अनेक वर्षे त्यांच्यात राहिला आणि आम्हाला घरी त्याने एक शब्द सांगितला नव्हता. दातांत माळच धरलेली.

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटीच निघालो. भायखळ्यापर्यंत घोड्यांची ट्राम, पुढे पायी. माझगावच्या रस्त्यावर कोळ्यांची मिरवणूक चालली होती. सोनेरी कागद लावलेला नारळ, ढोल, नव्या लुगड्यांचा कडकडीत वास. तो ढोल मागे पडत गेला आणि एका वखारीच्या भिंतीला वळसा घातल्यावर एकाएकी बंद पडल्यासारखा थांबला. समोर वाडीचे फाटक होते.

ते मुंबईतले नव्हतेच. मोडीत काढलेल्या जहाजांच्या फळ्यांतून चिनी सुतारांनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी ते एवढेसे गाव उभे केले होते. खाली भरतीचा चिखल, त्यावर खांब, खांबांवर फळ्यांची गल्ली, आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरे, एकमेकांकडे झुकलेली. कौलांची टोके वर वळलेली. दारांवर लाल कागद, त्यावर काळी उभी अक्षरे. एका घराच्या भिंतीला जहाजाची गोल खिडकी तशीच बसवली होती, आणि तिच्या काचेमागे अंधार होता. मी आजवर लोखंडी खिळा शोधतो आहे त्या घरांत, सापडला नाही. भरतीचे पाणी खालून यायचे तेव्हा सगळी गल्ली किंचित उचलल्यासारखी व्हायची, अन् खांब कण्हायचे.

त्या वाडीत बाई नव्हती. मूल नव्हते. सगळे पुरुष, बहुतेक म्हातारे, कापडी जोडे घातलेले. त्यांच्या पावलांना आवाजच नव्हता. मी फाटकातून आत शिरलो आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या हातातली बशी खाली पडली. फुटली. त्याने ती उचलली नाही. तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्याने मान खाली घातली. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मी गल्लीतून चालत होतो आणि दोन्ही बाजूंना माणसे वाट देत होती, पण एकही माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. मला वाटले, परक्या माणसाला त्यांच्यात असाच मान देत असतील.

गल्लीच्या टोकाला, पाण्याकडच्या मोकळ्या जागेत, एक लांबलचक फळी मांडली होती आणि तिच्यावर पंगत वाढलेली होती. पांढऱ्या-निळ्या वाडग्यांची रांग. भात, मासा, बदकाचे मांस, फळे. प्रत्येक वाडग्यापुढे रिकामे स्टूल. उदबत्त्यांचा धूर सरळ वर न जाता पाण्याकडे वाकत होता. एका बाजूला सोनेरी-रुपेरी कागद जळत होते, आणि त्यांची राख काळ्या फुलपाखरांसारखी भातावर उतरत होती.

कडेच्या खोलीच्या दारात पेटीवर बसलेला एक अगदी म्हातारा माणूस उठून पुढे आला. तोच मिस्त्री. तोही माझ्या डोळ्यांकडे बघेना, माझ्या गळ्याकडे बघत होता.

“आया?” तो म्हणाला. “बहुत दिन लगाया.”

हिराबायने निरोप पोचवलेला दिसतो, असे मला वाटले. मी हात जोडले. “हां, आया.”

तो शहारला. मग दोन्ही हातांनी त्याने मला रांगेकडे जाण्याची खूण केली.

वाडग्यांच्या रांगेत शेवटी एक पत्रावळ होती. पळसाच्या पानांची, आपल्याकडच्या लग्नातली असते तशीच. तिच्यावर भाताची मूद, वर पिवळे वरण, बाजूला केळे. मासा नाही, मांस नाही. ती बघून मला भरून आले. हिराबायने सांगितले असणार की, हिंदू पाहुणा येतोय, मासे खात नाही. आणि या परक्या माणसांनी कुठून तरी पत्रावळ मिळवून माझ्यासाठी वेगळे पान मांडले. पोटात सकाळपासून काही नव्हते. मी जोडे काढले, स्टूल बाजूला सारून फळीपुढे मांडी घातली, घरच्या रीतीने पानाभोवती पाणी फिरवले आणि पहिला घास घेतला.

भात अळणी होता.

मी वर पाहिले. वाडीतले सगळे पुरुष अर्धवर्तुळात उभे होते. कुणी जेवायला बसत नव्हते. कुणी बोलत नव्हते. माझा हात पानावरून तोंडाकडे जाताना ते बघत होते, आणि एक म्हातारा ओठ मिटून रडत होता. राखेचा एक तुकडा माझ्या वरणावर येऊन बसला. खालून खांब कण्हला. माझ्या शेजारच्या वाडग्यातली वाफ केव्हाच थांबली होती, आणि मला एकदम जाणवले की, या एवढ्या लांब पंगतीत जेवणारा मी एकटाच आहे.

“ऊठ! ऊठ आधी!” गल्लीतून हिराबाय धावत आली. तिच्या केसांत ओली फुले होती. तिने माझे मनगट धरले. “तुजं पान नाय त्ये!”

“मग कुणाचं?”

ती त्या माणसांकडे वळून मोडक्यातोडक्या भाषेत ओरडली, “अरे वो नहीं है! ये उसका भाई है! भाई!” आणि कपाळावर हात मारला. “सांगायची इसरले रे मी. ह्यांना सांगायची इसरले.”

ती समुद्रात गेलेल्यांची पंगत होती. त्यांच्या सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला भुकेले मेलेले परत येतात, आणि ज्यांचे कुणी नाही त्यांना वाडी जेवायला घालते. बहुतेक वर्षी ती पौर्णिमा आणि कोळ्यांची नारळी पौर्णिमा एकाच दिवशी पडते. दर वर्षी रांगेत एक पान माझ्या दादाचे असे. पत्रावळ हिराबाय आणून द्यायची. “माज्या तोंडानं कसं सांगू तुला,” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. आणि त्या दिवशी, त्या पानावर, त्याच चेहऱ्याचा माणूस गल्लीतून चालत येऊन बसला होता.

मिस्त्रीने मला पेटीवर आपल्या शेजारी बसवले. आता तो माझ्या डोळ्यांकडे बघत होता, आणि फार वेळ बघत होता. मग त्याने कमरेची नाडी उचलली, दातांत धरली आणि हवेतच रंधा मारून दाखवला. मला विचारायचे काही उरले नाही. त्याने पेटीच्या कोपऱ्यावर हात ठेवला. “ये कोना, तेरा भाई बनाया.”

“वो मर गया?” मी विचारले.

“मालूम नहीं.” दादा दोन चिनी सुतारांबरोबर एका जहाजावर चढला. जहाज परत आले नाही. बस्स, एवढेच.

“मग पान कशाला वाढता? मेला की नाही तेच ठाऊक नाही, तर पान कशाला?”

हिराबायने ते त्याला सांगितले. त्याने थोडा विचार केला. “मर गया, तो खाएगा,” तो म्हणाला. “जिंदा है, तो थोडा चावल गया. और क्या गया?”

मी गावी पोचलो तेव्हा भाऊबंद जमलेच होते. मी त्यांच्यासमोर वहिनीला सगळे सांगितले, जसे घडले तसे. दाराआड बांगड्यांचा आवाज होत नव्हता.

“पानावर काय काय होतं?” तिने विचारले.

“भात. वरण. केळं.”

“मासा?”

“नव्हता. बाकी सगळ्यांना होता. दादाच्या पानावर नव्हता.”

“मीठ?”

“अळणी होतं, वहिनी.”

चुलते खाकरले. “म्हणजे त्या लोकांनीसुद्धा त्याला मेलेल्यांतच बसवलाय. आता तरी कळलं ना? जिवंत माणसाला कोणी असं अळणी पान वाढतं का?”

वहिनी बाहेर आली. सासरच्या पुरुषांसमोर ती डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. “जिवंत की गेलेले, ते मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “त्यांनाही ठाऊक नाही. ठाऊक नसताना ते जेवायला घालतात. तुम्ही ठाऊक नसताना जाळायला निघालात. पुतळा होणार नाही.”

पुतळा झाला नाही. लोक बोलले, वहिनीच्या कुंकवाकडे बघून रस्ता बदलून गेले. पुढे नोकरी लागल्यावर मी तिला फणसवाडीत आणले. इथेही बायकांना उत्तर द्यायचे तिला चुकले नाही. आणि दर नारळी पौर्णिमेला, मुंबईत असलो की, मी तिने दिलेली मिठाची पुडी घेऊन वाडीत जाई, दादाच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ वाढी आणि मिस्त्रीशेजारी पेटीवर बसून राही. आम्ही फार बोलत नसू. वाडग्यांवरची वाफ हळूहळू थांबायची ते बघत बसायचो. ती थांबली की तो म्हणायचा, “खाया.”

आज वाफ नव्हती, वाडगे नव्हते. बाहेर पडताना फाटकाशी हिराबाय भेटली, खूप थकलेली. उरलेले चिनी बोटीवर चढून गेले म्हणाली. मिस्त्रीला कुठे नेऊन पुरले, तिला माहीत नव्हते. कुणालाच नव्हते.

मी घरी आलो. वहिनी वाट बघत होती. तिला मी छताचे सांगितले, लाल गोलांचे सांगितले, कावळ्यांचे सांगितले. पेटीतल्या पाण्याचे सांगणार नव्हतो, पण सांगितले. मला वाटले, ती आता विचारील, ह्यांना यापुढे कोण वाढणार.

ती उठली. फडताळातून तिने पत्रावळ काढली, पुसली, मीठ वाढले, भात वाढला. ते दादाचे पान. तिने ते खिडकीपाशी मांडले. मग दुसरी पत्रावळ काढली आणि हातात धरून तशीच उभी राहिली.

“त्या म्हाताऱ्याला कोण वाढतं आता?” ती म्हणाली.

“कुणी नाही.”

“भात चालेल त्यांना. पण नुसता भात कसा वाढायचा?” तिने चुलीकडे पाहिले, ज्या चुलीवर दादाच्या माळेपायी तिने कधी मासा-मटणाचे वशाट शिजवले नव्हते. मग माझ्याकडे पाहिले.

“भाऊजी, बाजार अजून उघडा असेल,” ती म्हणाली. “जा, मासा घेऊन या.”